हात नाही लावला, म्हणून हिंसा नाही?



निर्वाण लाडू चढवून झाला, फराळाचे डबे तळाशी गेले आणि आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सहलीची चर्चा सुरू झाली. यंदाही चांदोली. ‘मागच्या वेळी काय एकेक पक्षी दिसले, यंदा सगळ्यांनी यायचंच.’ खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. मी काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी जाऊबाईंचा फोन. “तू का गप्प? तुलाच तर सगळ्यात जास्त आवडलं होतं.”

आवडलं होतं हे खरं. म्हणून तर हे लिहायला आठ महिने गेले. दोनदा लिहून पुसलं. पर्युषणात लिहावं म्हटलं, तर क्षमा मागायच्या दिवसांत भांडण कशाला, असं वाटून ठेवून दिलं. आता मात्र लिहिते. आपल्याच मंडळातल्या काही जणी वाचून रागावतील. रागवा, पण अर्ध्यात सोडू नका.

ज्यांनी चांदोली पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सांगलीहून इस्लामपूर, शिराळा, कोकरूड करत वारणेच्या काठानं वर गेलं की धरण लागतं. धरणाच्या मागं सह्याद्रीचे डोंगर एकात एक अडकवल्यासारखे उभे आहेत, तेच चांदोली राष्ट्रीय उद्यान. १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. सव्वातीनशे चौरस किलोमीटरला थोडं कमी. २०१० साली शेजारचं कोयना अभयारण्य आणि हे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं त्या यादीतही चांदोली आहे. खाली दाट सदाहरित जंगल, वर जांभ्या दगडाचे उघडे सडे. गवे, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री आहेत. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू इथं झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उडी मारताना दिसतो. वाघ क्वचित, पण आहे.

या डोंगरात गावं होती. ती उठवून खाली आणली गेली. माणसांनी घरांची जोती, देवळं, हातानं लावलेले आंबे-फणस तिथंच सोडले. जिथं पूर्वी शेती होती तिथं आता गवत आहे आणि त्यात गवे चरतात. तिथल्या रानात शिरताना मला हे नेहमी आठवतं. जनावरांना निवांत राहता यावं म्हणून लोकांनी आपली घरं सोडली. आणि आम्ही गेलो ते दोन जीपगाड्या, चौदा बायका आणि एक स्पीकर घेऊन.

मार्चचे दिवस होते. सहल ठरवून देणाऱ्यानं एक मुलगा बरोबर दिला होता, फोटो काढणारा, पक्षी ओळखणारा. चुणचुणीत, बोलका, सगळ्यांना ‘काकू, काकू’ करणारा. नाव मी सांगणार नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याच्या गळ्यात काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा स्पीकर होता. एका ओढ्याजवळ त्यानं गाड्या थांबवल्या, “आता गंमत बघा” म्हणाला आणि फोनवरून आवाज सोडला. किणकिणता, एका लयीत येणारा. दोन मिनिटांत समोरच्या फांदीवर एक पक्षी येऊन बसला. काळं डोकं, गळ्याखाली पांढरा पट्टा, आणि पोट असं लाल की कुंकवाचा करंडा सांडावा. मलबारी कर्णा. मी आयुष्यात इतका देखणा पक्षी पाहिला नव्हता.

तो इकडं तिकडं मान वळवत होता. फांदी बदलत होता. ओरडत होता. आम्हाला वाटलं, आमच्यासाठी गातोय. मोबाइल काढले, फोटो काढले, आणि तो उडून गेला तेव्हा एक बाई म्हणाली, “परत एकदा वाजवा ना.”

ती बाई मी होते.

तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तो आवाज दुसऱ्या नराचा असतो. आपल्या हद्दीत कुणी परका नर शिरलाय असं त्या पक्ष्याला वाटतं. तो खाणं सोडतो, जोडीदारीण सोडते ती जागा सोडून धावत येतो, शत्रू शोधतो, आणि शत्रू सापडत नाही म्हणून अजून ओरडतो. कर्णा स्वभावानं फांदीवर गुपचूप बसणारा पक्षी. पानांत दडून राहणं हेच त्याचं संरक्षण. त्याला आम्ही उघड्या फांदीवर आणून बोलायला लावलं, तेही विणीच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे हा त्याचा घरट्याचा काळ असताना. कुजक्या बुंध्यात चोचीनं पोखरून तो घर करतो. त्या घराची राखण सोडून तो आमचा खोटा शत्रू शोधत होता.

विचार करा, मध्यरात्री तुमच्या दारात कुणी चोरासारखा आवाज काढला, घरातली माणसं काठ्या घेऊन बाहेर धावली, आणि अंगणात उभे राहिलेले लोक म्हणाले, “वा, काय छान दिसताय, जरा इकडं बघा.” आणि नंतर पुन्हा एकदा तसाच आवाज काढला.

हिंसेचं पुढं बोलू. आधी असत्याचं बोलू. आपण पाखराशी खोटं बोललो. सत्याणुव्रत माणसांशी बोलण्यापुरतंच असतं असं कुणी महाराजांनी सांगितल्याचं मला आठवत नाही.

पण खरा प्रसंग दुपारचा आहे. रस्त्याला लागूनच एक जुनं उंच झाड होतं, त्याच्या खोडाला बऱ्याच उंचीवर एक ढोली. त्या मुलाला ती माहीत होती. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, मधे फक्त एक उभी फट. आणि त्या फटीतून चोचीचं टोक बाहेर आलेलं. धनेशाचं घरटं.

धनेशाची गोष्ट बायकांनी तरी ऐकायलाच हवी. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेनं, मातीनं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. साप, माकड, कुणी आत येऊ नये म्हणून. मग आत बसून ती पंखांची मोठी पिसं गाळते. म्हणजे वेळ आली तरी तिला उडता येत नाही. साधारण तीन महिने तिचा आणि पिल्लांचा जीव बाहेरच्या नरावर. तो रानभर फिरून उंबर, वड, पिंपळ अशी फळं गळ्याच्या पिशवीत भरून आणतो आणि फटीतून एकेक करून तिला देतो. दिवसातून कितीतरी खेपा.

आम्ही झाडाखाली उभ्या राहिलो. चौदा जणी. तो आला, समोरच्या झाडावर बसला. गळा फुगलेला दिसत होता. आम्ही एकदम ‘आला, आला’ केलं. तो उडाला. पुन्हा थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं आला, खोडापर्यंत यायच्या बेतात होता, तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी पुढं सरकलं. तो परत फिरला. तिसऱ्यांदा तो लांबच बसला. फटीतलं चोचीचं टोक केव्हाच आत गेलं होतं. मी घड्याळ पाहिलं, आम्हाला तिथं चाळीस मिनिटं झाली होती.

आमच्यासोबत वनखात्याचा एक वाटाड्या होता, खालच्या गावातला, पन्नाशीचा. सकाळपासून फारसा बोलला नव्हता. तो माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, “ताई, तुमी हितनं हलल्याबिगार त्यो यायचा न्हाई. आत बसलीय तिला दुसरं कोण आणून देणार?”

मी हे पुढं सांगितलं. उत्तर आलं, “अगं, आपण कुठं काय करतोय? नुसतं बघतोय. हात तरी लावलाय का कुणी?” आणि अजून दहा मिनिटं गेली, कारण दोघींचे फोटो राहिले होते.

परतीच्या गाडीत मी दशमी खाऊ शकले नाही. हे मी स्वतःची थोरवी सांगायला लिहीत नाही. घरी आल्यावर त्याच रात्री कर्ण्याचा फोटो मी सगळ्या ग्रुपवर टाकलाच की. चाळीसच्या वर अंगठे आले आणि प्रत्येक अंगठ्यानं मला बरं वाटलं. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला मान्यता दिली. स्पीकर त्या मुलाच्या गळ्यात होता, पैसे आम्ही दिले होते, अंगठे तुम्ही दिलेत. कुणी सुटलं का?

आता ‘नुसतं बघतोय’ या वाक्याकडं येऊ, कारण माझं भांडण त्याच्याशीच आहे.

पाठशाळेत आपल्याला हिंसेचे चार प्रकार शिकवले. स्वयंपाक, झाडलोट यांत होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःच्या, घराच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण सुटत नाहीत, म्हणून जपून राहायचं. संकल्पी मात्र सोडायचीच. आपल्यातल्या कितीतरी घरांत द्राक्षबागा आहेत. फवारणी आहे, पाखरं हाकलायला फटाके आहेत, जाळ्या आहेत. मला कुणी म्हणेल, “घरच्या बागेचं बघ आधी, मग रानातल्या पाखराचं बोल.” बरोबर आहे, तो विषय काढायलाच हवा आणि मी काढणार आहे. पण बागेतल्या त्या हिंसेला निदान पोटाचं कारण आहे, तिच्यासाठी आपण आलोचना करतो, खंतावतो. स्पीकर लावून कर्ण्याला बोलावणं या चारांत कुठं बसवणार? चूल पेटत नव्हती त्यानं. व्यवसाय नव्हता. तो पक्षी आपल्या अंगावर आला नव्हता. उरलं काय? गंमत. गंमतीसाठी जिवाला त्रास देणं याला आपल्याकडं अनर्थदंड म्हणतात, ज्याला कसलाच अर्थ नाही, कारण नाही, असं पाप. घरात पाणी विनाकारण सांडलं तर आमच्या सासूबाई हाच शब्द वापरायच्या.

आणि अहिंसाणुव्रताचे अतिचार आठवा. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो, त्यात ते पाच सांगितले आहेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं, आणि पाचवा, अन्नपाणी रोखणं. इतकी वर्षं मी पाचवा अतिचार ऐकताना गोठ्यातल्या बैलाचा, घरातल्या कामवालीचा विचार करायचे. वेळेवर वैरण, वेळेवर जेवण. त्या झाडाखाली उभी असताना माझ्या डोक्यात तो आला नाही. आला तो रात्री, पांघरूण घेतल्यावर. आत कोंडून घेतलेली एक आई, बाहेर गळ्यात घास घेऊन फिरणारा बाप, आणि मधे आम्ही, सोवळ्याच्या चौदा जणी. यात हात कुठं लावायचा राहिला होता?

कायद्याचंही ऐका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. गोळी घालणं, सापळा लावणं, हाकारा करणं हे तर तिच्यात आहेच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटं विचलित करणं हेही त्याच शब्दाखाली येतं. अभयारण्यात प्राण्यांना सतावायला आणि कचरा टाकायलाही त्याच कायद्यात मनाई आहे. ज्या कुळात सात पिढ्यांत कुणी शिकारी झाला नाही, त्या कुळातल्या आम्ही बायका त्या व्याख्येच्या किती जवळ जाऊन उभ्या होतो.

“एकदा वाजवल्यानं काय होतंय?” हे मला तीन जणींनी विचारलं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. पाऊस सरल्यावर उघडतं ते पुन्हा पाऊस येईपर्यंत. प्रत्येक शनिवार-रविवारी गाड्या येतात. प्रत्येक गाडी त्याच ओढ्याजवळ थांबते, कारण कर्णा तिथं येतो हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक गाडी म्हणते, एकदाच. पक्षी एकच आहे, आणि त्याच्या वाट्याला किती ‘एकदाच’ येतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

घाटात माकडांना केळी, बिस्किटं टाकण्याबद्दल फार लिहीत नाही, मागं एका लेखात लिहिलंय. त्याला आपण जीवदया म्हणतो. माकडं रस्त्यावर येऊन बसायला लागली, गाडीखाली सापडायला लागली, खालच्या गावातल्या परसात शिरायला लागली, तिथला त्रास गावकऱ्यांनी सोसायचा आणि पुण्य आपण बांधायचं. एवढंच म्हणते, रानात डबा उघडू नका.

आता दुसरी बाजू. मी हे बोलायला लागले की काही ज्येष्ठ मावश्या लगेच म्हणतात, “म्हणून तर आम्ही सांगतो, श्राविकेनं रानात हिंडायचं कशाला? पायाखाली किती जीव जातात. घरी बसावं, सामायिक करावं.” मला हेही पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं तुम्ही या कपाटात नेऊन ठेवाल.

चोवीस तीर्थंकरांची लांछनं मला तोंडपाठ आहेत, तुम्हालाही असतील. अभिनंदननाथांचं वानर. विमलनाथांचं रानडुक्कर. शांतिनाथांचं हरीण. सुमतिनाथांचा चकवा. मंदिराच्या पाटावर कोरलेला तो पक्षी मी चाळीस वर्षं बदक समजत होते. चकवा म्हणजे चक्रवाक, भगव्या-तपकिरी रंगाचा, हिवाळ्यात लडाख-तिबेटकडून आपल्या नद्या-तलावांवर येणारा. पहिल्यांदा खराखुरा पाहिला तेव्हा मी नदीकाठी उभ्या उभ्या हात जोडले. ज्यांची चिन्हं आपण रोज नमस्कारतो त्यांतले किती जीव आपण जिवंत पाहिलेत? मुनी रानात राहिले, तीर्थंकरांना केवलज्ञान झाडाखाली झालं, आणि आपल्या मुलांना एका झाडाचं नाव सांगता येत नाही. ज्याला कधी पाहिलंच नाही त्याच्याबद्दल दया कशी वाटणार?

आणि रान समजायला लागलं की आपल्याच घरातल्या गोष्टी नव्यानं कळतात. वड, पिंपळ, उंबर आणि त्यांच्या जातीची पाच फळं आपण खात नाही. पंच उदुंबर त्याग. का, तर आत त्रस जीव असतात. उंबर फोडून पाहिलंय ना? आतले ते बारीक किडे उंबराचं परागीभवन करणारे. त्यांच्याशिवाय उंबराचं बी धरत नाही, आणि उंबराशिवाय ते जन्मत नाहीत. आणि हीच फळं धनेशाची मुख्य शिदोरी. इतर झाडं ओकीबोकी असतात तेव्हाही रानात कुठलं ना कुठलं उंबर-वड पिकलेलं असतं. तो खातो, बी लांब नेऊन टाकतो, तिथं नवं झाड उभं राहतं. आपल्या पूर्वजांनी जे ताट सोडलं ते कुणाचं ताट होतं, हे मला चांदोलीत कळलं. इतकं नाजूक कळणारी आपली माणसं, आणि त्याच ताटावरून उठून येणाऱ्या पक्ष्याची वाट आम्ही चाळीस-पन्नास मिनिटं अडवली.

सासूबाई वाड्यातल्या विहिरीचं पाणी गाळायच्या तेव्हाचं मला लख्ख आठवतं. दुहेरी कापडानं गाळायचं, मग कापड उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, आणि ती जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही. वरून ओतायची तर मुळीच नाही. त्यासाठी तळाला कडी असलेलं वेगळं भांडं होतं. ते दोरीनं पाण्यापर्यंत उतरवायचं आणि पाण्याला टेकल्यावर अलगद उलटं करायचं. मी नवी नवरी, मला हसू यायचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला उंचावरून पडल्यावर लागेल, याची एवढी काळजी! ज्याची जागा त्याला, न दुखवता. ती बाई अक्षरओळखीपुरती शिकलेली, रान तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण तिला त्या धनेशाच्या झाडाखाली उभं केलं असतं तर ती पाच मिनिटांत आम्हाला हाकलून काढती.

दिल्लीत चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात पाखरांचा धर्मार्थ दवाखाना आहे. आपल्या लोकांनी काढलेला. पतंगाच्या मांज्यानं कापलेली, पंख्यात सापडलेली कबुतरं तिथं बरी होतात. शिकारी पक्ष्यांवरही उपचार होतात, फक्त त्यांना तिथं मुक्कामी ठेवून घेत नाहीत. मला त्या दवाखान्याचा अभिमान आहे. पण जखमी पाखराला औषध देणारा आपला समाज धडधाकट पाखराला त्याच्या कामावर सोडायला विसरला, असं मला वाटतं. जखमी पाखरू आपल्याला लागतं, धडधाकट पाखराला आपण लागत नाही. हे पचायला जड जातं का?

मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा गेले. मी आणि माझी लेक, दोघीच, आणि तोच वाटाड्या. त्याला आधीच सांगितलं, काही दाखवू नका, एका जागी बसवा. पहाटे तो आम्हाला एका ओढ्याच्या कडेला दगडावर बसवून स्वतः मागं थांबला. मळकट हिरवे कपडे, डब्यात काही वास येणारं नाही, फोन बंद. पहिला अर्धा तास काहीच नाही. मुंग्या, डास, पाय दुखणं. लेक दोनदा माझ्याकडं बघून हसली. मग कुणीतरी शीळ घालायला लागलं. खरंच, गुरं राखणारं पोर वाट विसरून गात निघालंय असं. सूर चुकवत, पुन्हा धरत. मलबारी कस्तुर. पाऊस जवळ आला की तो पहाटे असा गातो. ओढ्याच्या दगडावर आला, काळानिळा, खांद्यावर निळी झाक. आमच्यापासून पंधरा हातांवर त्यानं किडा धरला, दगडावर आपटला, खाल्ला. त्याला आम्ही दिसत होतो, पण आमच्यामुळं त्याचं काही अडलं नाही. मग पाचू कवडा पाण्यावर आला. मग पलीकडच्या काठाला पाचोळा वाजला आणि एक भेकर पाणी पिऊन गेलं.

आमच्याकडं एकही फोटो नाही. दोन तासांनी उठलो तेव्हा मला कुंभोजच्या बाहुबलींची आठवण झाली. अठ्ठावीस फुटी मूर्तीच्या पायावर चढलेल्या वेली आपण लहानपणापासून पाहतो. माणूस इतका निश्चल उभा राहिला की वेलींनी त्याला झाड मानलं. माझे तर दोन तासांत गुडघे धरले, पण एका कवड्यानं मला दगड मानलं, एवढं पुरे होतं.

त्या ढोलीच्या झाडाकडं आम्ही गेलो नाही. लेकीनं विचारलं, “बघायचं का, पिल्लं बाहेर आली असतील?” वाटाड्यानंही “चला की” म्हटलं. मी नको म्हणाले. काय झालं असेल ते असो, अजून एक वेळ तिथं जाऊन उभं राहायचा हक्क मला नाही.

आता मंडळाला मी काय कळवलंय ते उघडपणे सांगते, म्हणजे पाठीमागं बोलायला नको. सहलीला माझा विरोध नाही. पण स्पीकर आणि फोनवरचे आवाज रानात वाजवायचे नाहीत. पक्ष्यांचे आवाज शिकायचे असतील तर घरी कानात घालून शिका, मी स्वतः तसंच शिकते आहे. कुठलंही घरटं कुणी दाखवायला लागलं तर नको म्हणायचं, आणि दाखवणाऱ्याला बक्षिसी द्यायची नाही, नाहीतर तो पुढच्या गाडीला दाखवेल. गाडीमागं सहाच जणी. बोलणं खुणेनं. भडक साड्या, अत्तर, बांगड्यांचा किणकिणाट घरी. जे आपणहून येईल ते पाहायचं आणि काहीच आलं नाही तर पैसे वाया गेले असं म्हणायचं नाही. तेवढं मान्य असेल तर मी येईन, नसेल तर मंडळाच्या वर्गणीतून सहलीसाठी माझे पैसे वापरू नका.

उत्तर आलंय ते असं, “तू फार ताणतेस. बायका वर्षातून एकदा बाहेर पडतात, त्यांना जरा मोकळं हसूबोलू दे.” यातलं दुःख मला कळतं. वर्षातून एकदा घराबाहेर पडणाऱ्या बाईला ‘गप्प बस’ म्हणणं सोपं नाही. हसायला बोलायला धरणाचा काठ आहे, बाहुबलीचा डोंगर आहे, माझं अंगण आहे, कधीही या. पण त्या ढोलीत तीन महिने गप्प बसलेल्या बाईचंही कुणी बोललं पाहिजे ना?

यादी येत्या चतुर्दशीपर्यंत पक्की करायची आहे. माझं नाव अजून त्यात नाही. जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, काल मात्र त्यांनीच फोन करून विचारलं, तो कवडा खरंच इतक्या जवळ आला होता का. मंडळाचं नाहीच जमलं तर जानेवारीत मी, लेक आणि त्या जमल्या तर त्या, अशा निघतोय. अजून तिघींची जागा आहे. पहाटे साडेचारला सांगलीतून निघायचं, सूर्यास्ताच्या आत जेवून परत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी करते, पाणी प्रत्येकीनं आपलं गाळून आणायचं. यायचं असेल तर मला वेगळा निरोप करा, ग्रुपवर नको.